अण्णांची असेसमेंट

ऑस्ट्रेलियात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या केअर होममध्ये एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला कायमचे राहायला जायचे असेल, तर जागा पाहून पैसे भरले की काम झाले असे होत नाही. त्या व्यक्तीला अशा निवासाची खरोखर गरज आहे का, हे सरकारने नेमलेल्या संस्थेतला असेसर प्रत्यक्ष भेटून तपासतो, त्यावर अधिकारी लेखी मंजुरी देतात, आणि आणीबाणीचे अपवाद सोडले तर ती मंजुरी हातात असल्याशिवाय अनुदानित प्रवेश मिळत नाही. माझ्या वडिलांसाठी आम्ही २०२५च्या हिवाळ्यात, म्हणजे इकडच्या जून-जुलैत, या प्रक्रियेतून गेलो. आई-वडिलांना मेलबर्नला आणून इथे स्थिरावलेली मराठी कुटुंबे आता एकेक करून या टप्प्यावर येत आहेत आणि या विषयावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

अण्णा ८२ वर्षांचे आहेत. सांगली जिल्ह्यात पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून ते निवृत्त झाले. आई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. दोघे काँट्रिब्युटरी पेरेंट व्हिसावर, म्हणजे मोठे शुल्क भरून आई-वडिलांसाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आमच्याकडे आले आणि मेलबर्नच्या टार्नेट उपनगरातल्या आमच्या घरातली तळमजल्यावरची खोली त्यांची झाली. पुढे अण्णांचे विसरणे वाढत गेले, मेमरी क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या आणि अल्झायमरचे निदान झाले. दिवस कसेबसे निभावले जात, पण रात्री फार अवघड झाल्या. मध्यरात्र उलटली की अण्णा उठत, पायात बूट चढवत आणि ‘कालव्याला पाणी सुटलंय, गेटवर कोणी नाही’ असे म्हणत दाराची कडी चाचपू लागत. आई त्यांची समजूत घालून त्यांना परत आणी आणि तासाभराने तेच पुन्हा सुरू होई. एकदा मागच्या अंगणातल्या पायरीवर ते पडले आणि इस्पितळात राहावे लागले. तिथून सोडताना डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की या माणसाला चोवीस तास जागे असलेले कोणीतरी लागणार आहे.

पहिली पायरी म्हणजे माय एज्ड केअर या ज्येष्ठांच्या सेवांसाठीच्या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी. ती १८०० २०० ४२२ या क्रमांकावर फोन करून, वेबसाइटवरून किंवा आपल्या नेहमीच्या जीपीमार्फत (फॅमिली डॉक्टरमार्फत) करता येते. आमच्या जीपीने रेफरल पाठवले आणि सोबत निदानाची कागदपत्रेही जोडली, त्यामुळे पुढे तेच तेच सांगावे लागले नाही. तरी फोन आलाच, कारण ज्याची असेसमेंट करायची त्याची स्वतःची संमती त्यांना लागते. वय ६५च्या वर आहे का, मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डाचा क्रमांक काय, घरात आणखी कोण राहते, गेल्या काही महिन्यांत पडणे झाले का, असे प्रश्न झाले आणि अण्णांचे प्रतिनिधी म्हणून माझे नाव नोंदवले गेले. १ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात अशा व्यक्तीला रजिस्टर्ड सपोर्टर म्हणतात. हे नाव नोंदवून घेणे अतिशय महत्त्वाचे आहे. ते नसेल तर पुढे प्रत्येक फोनवर ‘आम्हाला त्यांच्याशीच बोलावे लागेल’ हे उत्तर मिळते, आणि ज्यांना आज कोणता वार आहे हे सांगता येत नाही त्यांच्याकडून फोनवर दर वेळी परवानगी मिळवणे सगळ्यांनाच जड जाते.

इथे राहणारे जुने लोक आणि बरेच डॉक्टर या असेसमेंटला अजूनही ‘एकॅट’ (एज्ड केअर असेसमेंट टीम) म्हणतात. पूर्वी साध्या घरगुती मदतीसाठी एक पथक आणि त्याहून मोठ्या मदतीसाठी व केअर होमसाठी दुसरे, म्हणजे एकॅट, अशी विभागणी होती. एज्ड केअरच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल २०२१मध्ये आल्यानंतर ज्या सुधारणा झाल्या, त्यांत ही विभागणी रद्द होऊन ९ डिसेंबर २०२४पासून एकच असेसमेंट पद्धत लागू झाली. कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की माणूस जसजसा खालावत जातो तसतसे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावे लागत नाही. असेसमेंटचे पैसे पूर्वीही पडत नव्हते, आजही पडत नाहीत.

असेसमेंट करणाऱ्या संस्थेचा फोन आला तेव्हा मी दोन मागण्या केल्या. पहिली मराठी दुभाष्याची. अण्णांनी आयुष्यभर इंग्रजीत टिपणे लिहिली, पण आता थकले की इंग्रजी त्यांना सुटते आणि मराठीच उरते, तीही लहानपणची. मुलगा म्हणून मीच भाषांतर करीन असे आपल्याला वाटते, मात्र ते योग्य नाही. लघवी-शौचाचे प्रश्न बापाला मुलाने विचारायचे आणि बापाने मुलाला उत्तरे द्यायची, यात दोघेही काहीतरी झाकतात. शिवाय स्मरणशक्तीची चाचणी घरच्या माणसाने भाषांतरित केली की नकळत उत्तराकडे बोट दाखवले जाते. दुभाषी सेवा मोफत मिळते, मात्र मागावी लागते, आणि मराठीसाठी थोडे आधी सांगावे लागते. दुसरी मागणी अशी की आईशी आणि माझ्याशी अण्णांच्या समोर न बोलता वेगळे बोलावे. तीही लगेच मान्य झाली.

तयारी म्हणून मी एक वही केली होती. रात्री अण्णा किती वाजता उठले, कुठे सापडले, कपडे ओले झाले का, औषध कोणी दिले, जेवताना ठसका लागला का, एवढेच रोज चार-पाच ओळींत लिहीत असे. माझ्या मते साऱ्या तयारीत याहून उपयोगाची गोष्ट नाही. असेसर घरी येतो तो दुपारी, उजेडात, सगळे नीटनेटके असताना. आपल्या घरी कोणी येणार म्हटले की आपण दिवाणखाना आवरतो, आई पोहे करते, आजारी माणूससुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसतो. आलेल्या माणसापुढे घरातले काही उघडे करायचे नाही ही आपली रीत आहे, आणि त्या एका भेटीत नेमकी हीच रीत आपल्या माणसाच्या विरोधात जाते. रात्रीचे घर त्या खोलीत आणायचे असेल तर ते कागदावरच आणावे लागते.

आलेल्या असेसर बाई मूळच्या नर्स होत्या. त्यांनी आधी अण्णांना विचारले की तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू. इथे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत असताना हा प्रश्न आल्याने अण्णा खूश झाले. ‘अण्णा म्हणा, सगळे अण्णाच म्हणतात,’ ते म्हणाले, आणि पुढे सबंध वेळ बाई त्यांना अण्णाच म्हणत राहिल्या. दुभाष्या फोनच्या स्पीकरवर होत्या. त्यांची मराठी स्वच्छ होती आणि त्या ‘तुम्ही’ म्हणूनच बोलत होत्या.

प्रश्न बरेच होते. खुर्चीतून उठता येते का, आंघोळ कोण घालते, बटणे लावता येतात का, गोळ्या कोण काढून देते, पैशांचे व्यवहार कोण पाहते, वजन कमी झाले का, झोप कशी आहे, करमते का. अण्णांची उत्तरे ऐकून नवख्या माणसाला हे गृहस्थ ठणठणीत आहेत असेच वाटले असते. चहा कोण करते, या प्रश्नावर ‘मीच करतो, दोघांचा’ असे त्यांनी निःशंकपणे सांगितले. भांडे जळाल्यापासून गॅसला त्यांचा हात लागलेला नव्हता. मी काही बोललो नाही, कारण वही बाईंच्या हातात आधीच दिलेली होती आणि त्या प्रश्न विचारताना तिच्याकडे पाहत होत्या. आपल्या माणसाला परक्यासमोर खोटे पाडण्याची वेळ त्यामुळे माझ्यावर आली नाही. मग त्यांनी न्हाणीघर पाहिले, दांडी आणि बसायचे स्टूल पाहिले, अण्णांना कॉरिडॉरमधून चालायला सांगितले आणि वळताना त्यांचा हात भिंतीकडे कसा जातो हे टिपून घेतले.

स्मरणशक्तीसाठी त्यांनी रुडास नावाची चाचणी वापरली. ती सिडनीत, वेगवेगळ्या भाषांच्या आणि वेगवेगळ्या शिक्षणाच्या लोकांसाठी मुद्दाम बनवलेली आहे. एकूण ३० गुण असतात आणि २२ किंवा त्याहून कमी मिळाले तर आणखी तपासणी करावी असे समजतात. तिच्यात एक भाग असा आहे की एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सांगता येतील तितकी सांगायची. अण्णांनी झटक्यात सुरुवात केली: गाय, म्हैस, बैल, शेळी. मग थांबले. नंतर चेहरा उजळला आणि म्हणाले, ‘पाखऱ्या. हौशा. कपिली.’ दुभाष्या क्षणभर घोटाळल्या, मग त्यांनी इंग्रजीत सांगितले की ही गुरांना ठेवलेली नावे असावीत. ती त्यांच्या वडिलांच्या गोठ्यातली होती, सत्तर वर्षांपूर्वीची. गुण द्यायला वेगळे प्राणी लागतात, त्यामुळे या नावांना गुण नव्हते, पण बाईंनी ती तिन्ही नावे दुभाष्यांकडून अक्षरांसह लिहून घेतली आणि पुढे सपोर्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मदतीच्या लेखी आराखड्यात, ‘गुराढोरांच्या आणि शेतीच्या गोष्टी काढल्या की शांत होतात’ असे वाक्य आले. ते वाक्य केअर होममध्ये आजही उपयोगी पडते.

त्यानंतर माझी बायको अण्णांना घेऊन मागच्या अंगणात गेली आणि आईची पाळी आली. आईने नेहमीचे उत्तर दिले: ‘काही त्रास नाही. मला सवय आहे.’ बाईंनी वाद घातला नाही. एवढेच विचारले की काल रात्री तुम्ही कितीला झोपलात आणि मग काय काय झाले ते सांगा. आईने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली, आणि मोजता मोजता डाव्या हाताची बाही वर सरकली. मनगटाच्या वर निळसर वळ होते. आम्हाला तिने ते कपाटाचे दार लागले म्हणून सांगितले होते. बाईंनी ते पाहिले आणि हळूच विचारले. आई म्हणाली, ‘मी दार अडवून उभी राहते ना. त्यांना कळत नाही हो, ते मुद्दाम नाही करत. हे लिहू नका.’ दुभाष्यांनी ‘लिहू नका’ हेही भाषांतरित केले, कारण जे बोलले गेले ते सगळे पोहोचवणे हेच त्यांचे काम. बाईंनी पेन खाली ठेवले आणि समजावून सांगितले की हे लिहिणे म्हणजे अण्णांविरुद्ध तक्रार नव्हे; रात्री एकट्या माणसाला हे झेपणारे नाही हे कागदावर आले तरच त्यांना योग्य मदत मिळेल आणि तुम्हीही सुरक्षित राहाल. आईने बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. मग तिने आम्हालाही माहीत नसलेल्या आणखी काही गोष्टी सांगितल्या. बावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याचे उणे कोणापुढे काढायचे नाही हे जिने पाळले, तिला तसे बोलते करणारी व्यक्ती परकी होती आणि तिच्या भाषेतली नव्हती, याबद्दल मी त्या बाईंचा कायम ऋणी आहे. कुटुंबातल्या मुख्य सेवेकऱ्याशी वेगळे बोलण्याचा आग्रह धरा असे मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठीच.

शेवटी बाईंनी पर्याय मांडले. घरातच जास्तीत जास्त मदत मिळवायची तर तेव्हाचे लेव्हल ४चे होम केअर पॅकेज होते, पण त्यासाठी प्रतीक्षा यादी होती आणि त्यातून रोज रात्रभर जागणारा माणूस मिळाला नसता. रेस्पिट, म्हणजे आईला विसावा मिळावा म्हणून अण्णांना तात्पुरते केअर होममध्ये ठेवणे, हे आर्थिक वर्षात ६३ दिवसांपर्यंत अनुदानित मिळते. तिसरा पर्याय कायमच्या निवासाचा. त्यांनी तिन्हींसाठी शिफारस केली आणि मुद्दाम सांगितले की मंजुरी मिळाली म्हणजे ताबडतोब जावेच लागते असे नाही. हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. आमच्या पुण्याच्या भावाचाही विरोध तेव्हाच मावळला. ‘अण्णांना तुम्ही ठेवून देताय’ असे तो म्हणत होता, त्याऐवजी आता ‘गरज पडली तर दार उघडे राहील’ असे म्हणू लागला.

मंजुरीचे पत्र टपालाने आले. सोबत सपोर्ट प्लॅन आणि प्रत्येक सेवेसाठी वेगळा रेफरल कोड होता. पत्र आले की सपोर्ट प्लॅन ओळ न् ओळ वाचावा. आमच्यात अण्णा स्वतःच्या हाताने जेवतात इतकेच लिहिले होते, घास गिळताना ठसका लागतो हे राहून गेले होते. फोन केल्यावर ते दुरुस्त झाले. निर्णयच मान्य नसेल तर पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत फेरविचार मागता येतो, आणि त्यासाठी बाजू मांडणारे मोफत मदतनीस ओपॅन या संस्थेकडे १८०० ७०० ६०० या क्रमांकावर मिळतात.

इथे बहुतेक कुटुंबांची एक गल्लत होते. गरजेची असेसमेंट आणि पैशांची असेसमेंट या वेगळ्या आहेत. दुसरी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया हे सरकारी खाते करते आणि किती भरावे लागेल हे ती ठरवते. ज्यांना एज पेन्शन, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, मिळते त्यांची बरीचशी माहिती सरकारकडे आधीच असते. पेरेंट व्हिसावर आलेल्यांना मात्र साधारणपणे दहा वर्षे वास्तव्य झाल्याशिवाय ती पेन्शन मिळत नाही, म्हणून आम्हाला एसए४५७ हा लांबलचक फॉर्म भरावा लागला. त्यात जगात कुठेही असलेली मालमत्ता आणि उत्पन्न दाखवायचे असते. महाराष्ट्र शासनाचे रुपयांत येणारे निवृत्तिवेतन, सांगलीतल्या बँकेतल्या ठेवी, आणि गावाकडची वडिलोपार्जित जमीन, जिच्या सातबाऱ्यावर अण्णांसह सहा जणांची नावे आहेत. सातबाऱ्याचे अधिकृत भाषांतर करून घेतले आणि सोबत वाटणी झालेली नाही, अण्णांचा हिस्सा किती, हे स्वतंत्र पत्रात मांडले. पती-पत्नी असतील तर दोघांची मिळून मालमत्ता धरून तिची निम्मी प्रत्येकाच्या वाट्याला मोजतात. हा फॉर्म भरला नाही तर उत्पन्न-मालमत्ता लपवल्यासारखे धरून जास्तीत जास्त शुल्क लागू शकते, तेव्हा मंजुरीच्या पत्राची वाट न पाहता कागद गोळा करायला लागावे. आणखी एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. मालमत्ता आणि उत्पन्न कमी असल्यास खोलीचा खर्च सरकार पूर्ण किंवा काही प्रमाणात उचलते, तरी मूळ दैनिक शुल्क, जे एकट्या व्यक्तीच्या मूळ एज पेन्शनच्या ८५ टक्के असते, ते साधारणपणे प्रत्येकाला भरावे लागते. पेन्शन मिळत नसेल तर ते घरातूनच जाते. आम्ही भावंडांनी ते वाटून घेतले.

कोड हातात आल्यावर केअर होमची शोधाशोध सुरू झाली. कोड दिला की त्यांना असेसमेंटचा अहवाल दिसतो आणि ते आपल्याकडे सोय आहे की नाही ते सांगतात. शाकाहारी जेवण म्हणजे फक्त सॅलड आणि उकडलेल्या भाज्या नव्हेत हे काही ठिकाणी समजावून सांगावे लागले. आम्ही आधी रेस्पिट घेतले, अण्णा तिथे रमतात का ते पाहिले, आणि तिथेच खोली रिकामी झाली तेव्हा सप्टेंबरमध्ये त्यांचा कायमचा प्रवेश झाला. प्रवेशानंतर पुन्हा एक असेसर येतो, पण तो वेगळ्या कामासाठी. अण्णांना किती काळजी लागते त्यानुसार केअर होमला मिळणारे अनुदान तेरापैकी एका वर्गात ठरते. त्या वेळीही मी वही दाखवली.

१ नोव्हेंबर २०२५पासून नवा एज्ड केअर कायदा लागू झाला आहे. होम केअर पॅकेजची जागा आठ स्तरांच्या सपोर्ट अॅट होमने घेतली आहे, आणि त्या तारखेनंतर प्रवेश घेणाऱ्यांना शुल्काचे नियम वेगळे आहेत. खोलीसाठी भरलेल्या आणि नंतर परत मिळणाऱ्या अनामतीतून केअर होम आता वर्षाला २ टक्के, असे पाच वर्षांपर्यंत ठेवून घेते. तेव्हा आमचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. असेसमेंट मात्र त्याच दारातून सुरू होते.

आईचे गुडघे आता दुखतात आणि अण्णांना भेटायला जाताना बसमध्ये चढणे तिला कठीण जाते. मागच्या महिन्यात आम्ही तिचीही माय एज्ड केअरकडे नोंदणी केली. फोनवर तिने स्वतः संमती दिली, आणि मराठी दुभाष्या हव्यात हेही तिनेच सांगितले.